कानवाल्या ताईंची माफी

कारखान्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. पहिल्याच दिवशी पत्रा कापणाऱ्या मशीनवरचा एकजण लांबूनच ओरडला, "अरे, त्या कानवाल्या ताई आल्या!" आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं. विद्यापीठाच्या श्रवण प्रयोगशाळेत बारा वर्षं झाली तरी लोक तिला "मॅडमची असिस्टंट" म्हणूनच ओळखायचे. इथे निदान ती कशासाठी आली आहे हे तरी सगळ्यांना माहीत होतं.

आयुष्यभर दणदणाटात काम केलं की ऐकू कमी येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. प्रयोगशाळेला हवं होतं ते त्यापुढचं. ज्या कानाला कमी ऐकू येतं, त्याला मोठा आवाज किती मोठा वाटतो? लोक समजतात, बहिरेपण म्हणजे रेडिओचं बटण कुणीतरी खाली फिरवलं, सगळंच सारखं बारीक झालं. तसं नसतं. हळू आवाज गळून जातात. मोठे मात्र होते तेवढेच मोठे राहतात, आणि डोक्यात घण घातल्यासारखे लागतात. मधली जागा आक्रसते. म्हणूनच घरातला म्हातारा "जरा मोठ्यानं बोल" म्हणतो आणि मोठ्यानं बोललं की "ओरडतेस कशाला" म्हणून खेकसतो. तो विक्षिप्त नसतो, त्याच्या कानात जागाच तेवढी उरलेली असते.

तर ही जागा मोजायला ती आली होती. आवाराच्या पार टोकाला, गोदामामागे, प्रयोगशाळेची गाडी उभी केलेली असे. गाडीत जाड दाराची एक खोली, भिंतींना बारीक भोकांचे पत्रे, एक खुर्ची, एक हेडफोन. कामगाराच्या हातात बटण द्यायचं, बारीक शिट्टी ऐकू आली की त्यानं ते दाबायचं. मग दुसरा भाग. समोर सात पायऱ्यांचा तक्ता, 'ऐकू येत नाही'पासून 'सहन होत नाही'पर्यंत, आणि प्रत्येक आवाजाला माणसानं त्यातल्या एका पायरीवर बोट ठेवायचं.

बसण्याआधी प्रत्येकाला ती एक कागद वाचून दाखवायची. तुमच्या कानांचा निकाल तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही, कारखान्यालासुद्धा, कळवला जाणार नाही. मग सही.

"आणि ताई, बटण दाबतच राहिलं तर?" कुणीतरी विचारायचंच.

"तर मला एका मिनिटात कळेल," ती हसून म्हणायची. "अहो, ही काय परीक्षा आहे का? इथे कुणी नापास होत नाही. ऐकू आलं तर दाबा, नाही आलं तर नका दाबू. खरं ते दाबा."

वरचे काका तिच्याकडे आले ते दुसऱ्या आठवड्यात. सगळा कारखाना त्यांना वरचे काका म्हणायचा, कारण बावीस वर्षं ते छपराखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसत होते. बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून सकाळी वर जायचं, जेवायला खाली यायचं, पुन्हा वर. खाली हूक अडकवणारा माणूस हातानं खुणा करायचा आणि काका टनाटनाच्या पत्र्यांच्या गुंडाळ्या अशा अलगद ठेवायचे की खालच्या धुळीवर नुसती रेघ उमटावी. छप्पन वर्षांचे, सडपातळ, बोलायला कमी. बटणही त्यांनी तसंच दाबलं. घाई नाही, अंदाज नाही. ऐकू आलं की दाबायचे, नाही आलं की डोळे मिटून थांबायचे.

स्क्रीनवर रेघ उमटत गेली तशी ती खुर्चीत पुढे सरकली. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेले. आणि 'हळू'पासून 'सहन होत नाही'पर्यंतचं अंतर इतकं थोडं की तिनं इतक्या वर्षांत एवढी आक्रसलेली जागा पाहिली नव्हती. तुमच्याआमच्या कानांत या अंतराला नव्वद-शंभर डेसिबलचं मैदान असतं. काकांकडे पंचवीसची एक बोळकंडी उरली होती.

आणि तिला आनंद झाला. हे तिला पुढे फार आठवत राहिलं. समोर एका माणसाचे कान गेलेले दिसत होते आणि तिच्या मनात आलं होतं: काय सुंदर आलेख आहे!

काकांनी हेडफोन काढून विचारलं, "कसं काय ताई?"

"सगळ्यांचं झालं की पत्र पाठवू," ती म्हणाली. नियमच तसा होता.

त्याच दुपारी मॅनेजरसाहेबांनी तिला जेवायला बोलावलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. साहेब मोठे गोड बोलणारे. तिचं शिक्षण विचारलं, मशीन कुठून आणलं ते विचारलं, आणि मग म्हणाले, "खरं सांगू? तुमचं हे संशोधन मला नीट कळलेलंच नाही. पण ऐकायला आवडेल."

एवढं पुरलं. घरी नवरा तिचं बोलणं दोन वाक्यांनंतर जांभईत घालवायचा, प्रयोगशाळेत मॅडम बोलायच्या आणि ती तारा जोडायची. इथे एक माणूस चमचा खाली ठेवून ऐकत होता. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. तिनं लॅपटॉप उघडला, आलेख दाखवला, नाव झाकलं. बोळकंडी समजावली. "हे बघा ना, माणूस रोज तुमच्या समोर काम करतो, कुणाला संशयही येत नाही. बावीस वर्षं एकाच जागी, वर छपराला सगळा आवाज गोळा होतो तिथे..."

ती थांबली. साहेबांनी मान डोलावली, "फारच इंटरेस्टिंग," म्हणाले आणि ताट पुढे सरकवलं. तिनं लॅपटॉप मिटला. आपण जरा जास्तच बोललो असं वाटून गेलं, पण नाव तर आपण घेतलं नाही, असं म्हणून तिनं तिकडे कानाडोळा केला.

सहा महिन्यांनी ती दुसऱ्या फेरीसाठी गेली, तेव्हा गाडीसमोर रांग नव्हती. चाळीसपैकी अकराजण आले. ते अकराजण असे बटण दाबत होते की काय सांगावं. शिट्टी वाजो न वाजो, बटण खाली. अख्ख्या कारखान्याचे कान सहा महिन्यांत ठणठणीत झाले होते. "ताई, आम्हाला मुंगीचे पाय वाजलेले ऐकू येतात," एकजण म्हणाला. बाकीचे हसले नाहीत.

वरचे काका आले नाहीत. शेवटी ती स्वतः शेडमध्ये गेली. केबिनमध्ये एक तरुण माणूस बसला होता. खाली हूक अडकवणारा हातमोजे काढत उभा होता. काकांबरोबर तो सोळा वर्षं होता.

"काका कुठे आहेत?"

"काकांना उतरवलं ना खाली. तुम्ही गेलात त्यानंतर आठवड्याभरात. साहेब म्हणाले, तुमच्या कानांचं कळलंय आम्हाला, धोका पत्करता येणार नाही. पॅकिंगला बसवलं. खोक्यांवर पट्ट्या चिकटवायला." त्यानं हातमोजे एकावर एक ठेवले. "तीन आठवडे आले. मग नाही आले."

"साहेबांना कुणी..." तिनं सुरुवात केली.

"ते तुम्हालाच माहीत, ताई," तो म्हणाला आणि पाठ फिरवून निघून गेला.

गाडीत येऊन तिनं दार लावून घेतलं. त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नाही, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. भरायचा फॉर्म समोर होता. सहभागी गैरहजर, कारण. तिनं पेन उचललं आणि लिहिलं, 'वैयक्तिक'. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू नाव घेतलंस का? नाही ना? मग?" हेच ती स्वतःला सांगत होती, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते इतकं पोकळ वाजलं की ती ताटावरून उठली. आणि महिन्याभरानं मॅडमनी अहवालाच्या पहिल्या पानासाठी नेमका तोच आलेख निवडला. "अग, असा नमुना दहा वर्षांत एखादाच मिळतो," त्या म्हणाल्या. तिनं मान डोलावली. दिवसभर तिला कुणी हाक मारली की अंगावर काटा येत होता.

पत्ता हूकवाल्यानंच दिला, फोनवर, तीनदा विचारल्यावर. काकांच्या बायकोचं पडदे शिवायचं दुकान होतं, काका आता तिथे असायचे.

ती गेली ती मनाशी सगळं बोलणं ठरवून. हळू आवाजात, बाजूला घेऊन, मोजक्या शब्दांत बोलायचं. दुकान लांबट होतं. दोन्ही भिंतींवर छपरापर्यंत कापडाचे तागे. मागे एक बाई शिलाई मशीनवर, म्हणजे काकू. एक शिक्षिका अस्तराचा रंग निवडत होती आणि एक गृहस्थ खिडकीची मापं घेऊन खुर्चीत बसले होते. काका टेबलापाशी उभे राहून कापड मोजत होते. तिला पाहून त्यांचा हात थांबला.

"या ताई," ते म्हणाले. रागानं नाही, प्रेमानंही नाही.

ती टेबलाजवळ गेली आणि मान खाली घालून पुटपुटली, "काका, मी माफी मागायला आलेय."

"काय?"

"माफी. तुमची."

"मापं?" काका म्हणाले. "कुठल्या खिडकीची?"

गृहस्थांनी वर पाहिलं. तिचे कान तापले. ती टेबलावर वाकली आणि एकदम आवाज चढवून म्हणाली, "माफी मागायला आलेय!"

काकांनी डोळे घट्ट मिटले आणि एक पाऊल मागे घेतलं, जसं कुणी तोंडावर ताट आपटावं.

"अहो बाई, ओरडू नका," मागून काकू म्हणाल्या. मशीन थांबलं होतं. "जोरात बोललं की त्यांना त्रास होतो. हळू बोललं तर कळत नाही. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं लागतं."

बारा वर्षं! बारा वर्षं ती याच अभ्यासात होती, आणि हे तिला पडदे शिवणाऱ्या बाईनं सांगावं लागलं. ती उजेडाकडे तोंड करून सरळ उभी राहिली. आता पळवाट नव्हती. काकांच्या कानांत जी बोळकंडी उरली होती, तिच्यातूनच बोलायला हवं होतं. कुजबुज चालणार नव्हती, गडबडीत गिळलेला शब्द चालणार नव्हता. आणि दोन्ही भिंतींवर कापड असल्यानं दुकानात घुमारा असा नव्हताच. एकेक शब्द मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ जात होता.

"काका. तुमच्या कानांचा आलेख साहेबांना मी दाखवला. जेवताना. नाव घेतलं नाही, पण बावीस वर्षं वर बसणारा माणूस म्हटलं. मोठेपणा मिरवायला. तुम्हाला क्रेनवरून काढलं ते माझ्यामुळे."

शिक्षिकेच्या हातातलं अस्तर तसंच राहिलं. काका तिच्या ओठांकडे बघत होते. ते सगळं कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण पुढच्याच क्षणी त्यांनी तिच्याकडे न पाहता मागे, काकूंकडे पाहिलं. घाबरून पाहिलं.

"काढलं?" काकू उठून पुढे आल्या. "अहो, काढलं म्हणजे? तुम्ही तर म्हणालात गुडघ्यांनी शिडी चढवेना म्हणून मीच सोडलं."

काकांनी मोजायचं कापड पुन्हा हातात घेतलं.

"रोज रात्री गुडघ्यांना तेल लावून देतेय मी," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चांगल्या गुडघ्यांना."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती माफी मागायला आली होती आणि त्या माणसानं जे एकमेव झाकून ठेवलं होतं, तेही तिनं भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर उघडं केलं होतं. पहिल्यांदा फुशारकीसाठी, आता स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला. दोन्ही वेळा काकांना कुणी विचारलं नव्हतं.

गृहस्थ "मी उद्या येतो" म्हणत उठले. शिक्षिकाही गेली. दुकानात तिघंच राहिले.

काका स्टुलावर बसले. कापडाची घडी करत, तिच्याकडे न बघता बोलू लागले. "त्या कागदावर लिहिलं होतं, कुणाला सांगणार नाही. तुम्ही वाचूनही दाखवलं होतं. साहेबांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, तसं लिहायची पद्धत असेल. मोठ्या लोकांत असतात अशा पद्धती." घडी सरळ होत नव्हती. "पोरं आधीच म्हणत होती, काका, बटण दाबत राहा, काही होत नाही. मी म्हटलं, ताई म्हणाल्या खरं दाबा. मी खरं दाबलं."

तिला रडू आलं. पण रडून इथे कुणाला ऐकू जाणार होतं, आणि ऐकू गेलं तरी त्याचा कुणाला काय उपयोग होता? तिनं ओठ दाबले.

"साहेबांनी तो आलेख पाहिला," काका म्हणाले. "तुमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी पाहिला असणार. मी नाही पाहिला अजून. माझेच कान आहेत."

ती काही बोलणार तेवढ्यात काकूंनी दाराकडे हात केला. "आज नको. तुम्ही जा आता. आम्हाला दोघांना बोलायचंय, आणि त्याला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं, 'वैयक्तिक' लिहिलेल्या फॉर्मसकट. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी अहवालाच्या पहिल्या पानावरून तो आलेख काढला आणि विद्यापीठाच्या नीतिसमितीला पत्र लिहायला घेतलं.

"क्रेनवर कमी ऐकणारा माणूस, खरंच धोका असेल तर?" तिनं अगदी खालच्या आवाजात विचारलं. मनाच्या तळाशी तेवढी एक काडी अजून उरली होती.

"असेल. नसेलही," मॅडम म्हणाल्या. "ते ठरवायची एक रीत असते. त्यात तो माणूस समोर बसलेला असतो, त्याला बोलता येतं, खुणांवर काम कसं चालतं ते दाखवता येतं. तू ते जेवणाच्या टेबलावर उरकलंस, आणि तो तिथे नव्हता."

त्या कारखान्यातला अभ्यास बंद झाला. कामगारांना माफीचं पत्र गेलं. ते शेडच्या दारावर लागलं आणि म्हणे त्यावर कुणीतरी पेन्सिलीनं मोठा कान काढला. तिला वर्षभर संशोधनासाठीच्या चाचण्यांपासून दूर ठेवलं, प्रयोगशाळेच्या दवाखान्यातलं काम तेवढं राहिलं. कारखान्यानं काकांना परत बोलावलं नाही. आम्ही दुसरं काम दिलं होतं, ते त्यांनी सोडलं, असं उत्तर आलं, आणि ते कागदोपत्री खरंही होतं.

आलेख तिनं दुकानात नेऊन दिला. काकू टेबलापलीकडूनच म्हणाल्या, "ठेवा तिथे." तिनं कागदाबरोबर सोप्या शब्दांत दोन पानं लिहून दिली होती, श्रवणयंत्र कसं निवडायचं तेही, कारण एवढ्या अरुंद जागेत साधं यंत्र लावलं तर ते नुसतं बोचतं. पुढे चार महिने काही कळलं नाही. तिनं दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवून दिला. आता तरी विचारल्याशिवाय दार ठोठावायचं नाही, एवढा कानाला खडा तिनं लावून घेतला होता.

मग एका सकाळी प्रयोगशाळेच्या दवाखान्यात ते दोघं आले. काकांच्या हातात तिची दोन पानं होती, घड्यांवर झिजलेली. ती टेबलामागून उठून उभी राहिली.

"यंत्र बघायचंय," काकू म्हणाल्या. "घरात दोघंच असतो. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं अंदाज बांधायचा, किती दिवस चालणार?"

"या ना," ती म्हणाली, उजेडाकडे तोंड करून, सावकाश. "आधी एकदा चाचणी करावी लागेल काका. कागद वाचून दाखवते."

काकांनी कागद तिच्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. खिडकीशी उभं राहून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग विचारलं, "हे कोण कोण बघणार?"

तिनं सांगितलं. काकांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, आणि मग प्रत्येकाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. तीन नावं होती. शेवटचं तिचं. काकांनी पेन मागितलं आणि ते शेवटचं नाव खोडलं. रेघ सरळ होती, न थरथरता काढलेली.

"तुम्ही नको ताई," ते म्हणाले. "राग म्हणून नाही. पण आत बसलो की मला खरं दाबायचंय. तुम्ही समोर असलात तर हात थांबेल."

"हो," ती म्हणाली.

तिनं शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला बोलावलं, काकांची ओळख करून दिली, आवाजाची पातळी कुठून सुरू करायची ते सांगितलं आणि बाहेर आली. जाड दार मागे बंद झालं. बाकावर काकू बसल्या होत्या. कुठे बसावं ते तिला कळेना, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"किती वेळ लागतो?" काकूंनी विचारलं.

"पाऊण तास."

"मग उभ्या का?" काकू म्हणाल्या आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाकावर थोडी जागा झाली. ती बसली.